मुलीला अमेरिकेत कॉलेज टेनिससाठी पाठवायचंय, एजन्सी म्हणते फुल स्कॉलरशिप मिळेल, कितपत खरं?

कोल्हापूरची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी अकरावीला आहे, लहानपणापासून टेनिस खेळते. एआयटीए (ऑल इंडिया टेनिस असोसिएशन) अंडर १८ ला नॅशनल सिरीजच्या मेन ड्रॉपर्यंत जाते, आयटीएफ ज्युनिअरच्या जे३० (आंतरराष्ट्रीय ज्युनिअरमधल्या सगळ्यात खालच्या पातळीच्या टुर्नामेंट) पण खेळून झाल्या, तिथे पहिली राउंड एकदा निघाली. यूटीआर (खेळाडूची पातळी दाखवणारं रेटिंग) साडेसहा-पावणेसातच्या आसपास फिरतोय. उंची आहे, सर्व्हिस जोरात आहे, मॅच तिसऱ्या सेटला गेली की मात्र पाय थकतात असं सर म्हणतात.

तिच्या डोक्यात अमेरिकेत जाऊन कॉलेज टेनिस खेळायचं हे पक्कं बसलंय. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम या अमेरिकन विद्यापीठाकडून खेळायची हे कळल्यापासून तर घरात दुसरा विषयच नाही. म्हणून एका एजन्सीकडे जाऊन आलो. ते म्हणाले डिव्हिजन १ ला (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) मुलींना फुल स्कॉलरशिपच असते, अर्धीमुर्धी नसतेच, आम्ही गॅरंटीने करून देतो. फी साडेतीन लाख, निम्मी आत्ता आणि निम्मी स्कॉलरशिप किती मिळते त्यावर ठरणार. मिस्टरांना हे काही पटलं नाही. सासऱ्यांचं म्हणणं, इथेच बीकॉम कर आणि जमेल तेवढं खेळ, एवढा खटाटोप कशाला.

मला एवढंच समजून घ्यायचंय की एवढ्या यूटीआरवर खरंच काही होतं का, स्कॉलरशिप म्हणजे नक्की काय काय मिळतं, आणि बारावीनंतर एक वर्ष थांबून नुसतं टेनिस केलं आणि यूटीआर वाढवून मग गेलं तर चालेल का. तिने कॉमर्सला मॅथ्स न घेता एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलंय, त्याने काही फरक पडत नाही ना? कोणाची मुलं गेली असतील तर प्लीज सविस्तर सांगा.


नो_ॲड_पॉइंट

काकू नमस्कार. मी डिव्हिजन २ ला खेळले, मिडवेस्टमधल्या एका छोट्या गावातल्या कॉलेजकडून, आता डिग्री होऊन शिकागोजवळ नोकरी करतेय. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून ऑफिसमधून घरी जाताना ट्रेनमध्येच टाइप करतेय, थोडं लांब होईल.

आधी स्कॉलरशिपचं. एजन्सीवाले जे सांगतायत ते जुन्या नियमावर सांगतायत. पूर्वी डिव्हिजन १ मध्ये मुलींच्या टेनिस टीमला ८ स्कॉलरशिप असायच्या आणि त्यांचे तुकडे करता यायचे नाहीत, ज्या मुलीला दिली तिला पूर्णच. मुलांना फक्त साडेचार आणि त्या सगळ्या टीममध्ये वाटायच्या. जून २०२५ मध्ये कोर्टाने हाउस विरुद्ध एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) या केसमधलं सेटलमेंट मंजूर केलं आणि सगळं बदललं. ज्या कॉलेजांनी ते स्वीकारलंय तिथे ८ ची मर्यादा गेली आणि त्याऐवजी रोस्टर लिमिट (टीममध्ये जास्तीत जास्त किती जणी) आलं, टेनिसला १० खेळाडू, आणि त्या दहा जणींना कोच ४० टक्के, ७० टक्के, शून्य असं कसंही देऊ शकतो. म्हणजे कागदावर दहा जणींनाही पूर्ण देता येते, पण त्यासाठी कॉलेजने टेनिसला तेवढं बजेट द्यायला पाहिजे ना, आणि सेटलमेंटनंतर पैसा फुटबॉल-बास्केटबॉलकडे जास्त ओढला जातोय. डिव्हिजन २ ला मुलींसाठी ६ स्कॉलरशिप, त्या आधीपासूनच वाटून. डिव्हिजन ३ ला खेळाची स्कॉलरशिप नाहीच, आयव्ही लीगमध्येही (हार्वर्ड, येल वगैरे) नाही, पण तिथे अभ्यासावर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते आणि कधीकधी ती डिव्हिजन २ च्या ऑफरपेक्षा जास्त निघते. त्यामुळे डिव्हिजनच्या आकड्यावर जाऊ नका. कुठल्याही ऑफरमध्ये एकच विचारायचं, सगळं मिळून आमच्या खिशातून वर्षाला किती जाणार.

आता यूटीआर. पावणेसातला काहीच होत नाही असं अजिबात नाही, पण कुठे होतं ते बघावं लागेल. डुअल मॅच कशी असते ते आधी सांगते म्हणजे कोचचं डोकं कसं चालतं ते कळेल. दोन कॉलेजांची मॅच असते, सुरुवातीला एकाच वेळी तीन डबल्स, एकेक सेटच्या. तीनातल्या दोन जो जिंकेल त्याला मिळून एक पॉइंट. मग सहा सिंगल्स, प्रत्येकीचा एक पॉइंट. एकूण सात, आणि जी टीम आधी चारवर पोचेल ती जिंकली. अ‍ॅडव्हांटेज नाही, ड्यूसला एकच पॉइंट, तो घेतला तिचा गेम. म्हणजे टीममध्ये दहा जणी असल्या तरी सिंगल्स सहाच खेळतात. कोच मुलगी घेताना बघतो ती आपल्या पाच-सहा नंबरला बसेल का, दोन वर्षांनी तीनला जाईल का, हे. तर तुम्ही काय करा, प्रत्येक कॉलेजच्या साइटवर टेनिसचं रोस्टर आणि गेल्या सीझनचे निकाल असतात, त्यात पाच आणि सहा नंबरला कोण खेळली, ती कितव्या वर्षाला आहे आणि तिचा यूटीआर किती हे बघा. तिथे साडेसहा-सात दिसला तर त्या कोचला मेल टाकण्यात अर्थ आहे. जिथे सहा नंबरचीच मुलगी साडेनऊला आहे तिथे मेल टाकून दोघांचाही वेळ जातो, आणि समजा घेतलंच तर ती पोरगी चार वर्षं कडेला उभी राहून टाळ्या वाजवेल. माझ्याच टीममध्ये एक मुलगी अशी होती, मोठ्या नावाच्या कॉलेजमधून ट्रान्सफर घेऊन आली होती आमच्याकडे, तिकडे तिला सिंगल्सच मिळत नव्हती. आमच्याकडे चार नंबरला खेळायला लागली आणि माणसात आली.

आणि काकू, डबल्स. आपल्याकडे ज्युनिअरमध्ये डबल्स म्हणजे सिंगल्स हरल्यावर खेळायची गोष्ट. तिकडे पहिला पॉइंटच डबल्सचा. तिची सर्व्हिस जोरात आहे म्हणताय ना, मग तिला आत्तापासून नेटवर उभी करा, व्हॉली, पोचिंग (पार्टनरच्या बाजूचा बॉल नेटवर मधेच जाऊन मारणं), दुसऱ्या सर्व्हिसवर रिटर्न टाकून पुढे येणं. मला कोचने घेतलं त्यात माझ्या डबल्सच्या व्हिडिओचा मोठा भाग होता असं त्याने मला नंतर स्वतः सांगितलं.

दिवस कसा असतो ते पण तिला सांगून ठेवा. सकाळी सहाला वेट्स, मग क्लासेस, दुपारी प्रॅक्टिस, रात्री स्टडी हॉल. एनसीएएचा नियम सीझनमध्ये आठवड्याला २० तासांचा आहे, पण त्यात प्रवास, फिजिओ, बर्फात पाय बुडवून बसणं हे काही धरत नाहीत. बाहेरगावची मॅच असली की व्हॅनमध्ये सात-आठ तास, कोचच गाडी चालवतो, मागच्या सीटवर आम्ही कानात हेडफोन घालून अकाउंट्सचे प्रॉब्लेम सोडवतोय. मी स्टॅटिस्टिक्सची मिडटर्म एका मोटेलच्या ब्रेकफास्टच्या टेबलावर दिलीय, असिस्टंट कोच समोर घड्याळ लावून बसली होती. आणि आमच्याकडे जानेवारी ते मार्च सगळं इनडोअर, बॉल खाली राहतो आणि सटासट येतो, आपल्याकडे मागे उभं राहून रॅली करायची सवय असते ती तिथे पहिल्याच महिन्यात मोडते.

पण एक सांगते, ३-३ झालंय, पाच कोर्ट संपलेत आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्या कोर्टवर, टीमच्या पोरी कंपाउंडला लटकून घसा फोडून ओरडतायत, हे ज्युनिअर टेनिसमध्ये कुठेच मिळत नाही. ज्युनिअरला तर पोरगी एकटी, समोरची एकटी, आणि दोघींच्या आया एकमेकींकडे न बघता बसलेल्या. मला टेनिस खऱ्या अर्थाने तिकडे गेल्यावर आवडायला लागलं.


सांगलीचा_बाबा

ताई, वरच्या मुलीने खेळाचं छान सांगितलंय, मी पैशाचं सांगतो. माझा मुलगा एनएआयएच्या कॉलेजमध्ये आहे. एनएआयए म्हणजे एनसीएएपेक्षा वेगळी संघटना, छोटी कॉलेजं असतात, आपल्याकडे कोणाला माहिती नसते आणि एजन्सीवाले तर हलकं म्हणून बाजूला सारतात. तुमच्या माहितीसाठी, मदुराईचा दक्षिणेश्वर सुरेश आधी जॉर्जिया ग्विनेट या एनएआयएच्या कॉलेजमध्ये होता, तिथून वेक फॉरेस्टला गेला, २०२५ ला त्यांच्या टीमने एनसीएए चॅम्पियनशिप घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडमध्ये जाऊन भारताकडून डेव्हिस कपची पहिलीच मॅच त्याने जिंकली. म्हणजे दरवाजा छोटा असला तरी बंद नसतो. शिवाय आता ट्रान्सफरचे नियम बरेच सैल झालेत, अभ्यास व्यवस्थित असेल तर एका कॉलेजमधून दुसरीकडे जाऊन लगेच खेळता येतं.

आता त्या एजन्सीचं. स्कॉलरशिप किती मिळते त्यावर फी ठरणार हे जे म्हणालेत ना, तिथेच उठून यायचं ताई. मुलांची माहिती कोचपर्यंत पोचवायला सर्व्हिस घ्यायला एनसीएएची हरकत नाही, पण फी ठरावीक पाहिजे, स्कॉलरशिपच्या रकमेवर किंवा ॲडमिशन झाली तर एवढे असं ठरवलं की ती व्यक्ती एजंटमध्ये धरली जाऊ शकते आणि मुलीची एलिजिबिलिटीच (खेळायची पात्रता) अडचणीत येते. आणि गॅरंटी कसली देणार, पैसे द्यायचे की नाही ते कोच ठरवतो, ॲडमिशन कॉलेज ठरवतं, व्हिसा कॉन्सुलेट ठरवतं. एजन्सीच्या हातात ईमेल पाठवण्यापलीकडे काय आहे? आम्हीही एकीकडे पैसे भरले होते, आमच्या नावाने त्यांनी जे मेल पाठवले ते सगळ्या कॉलेजांना एकसारखे, कोचचं नाव तेवढं बदललेलं. एकाचंही उत्तर आलं नाही. नंतर मुलाने स्वतः बसून एकेका टीमचे निकाल वाचून मेल लिहिले तेव्हा उत्तरं यायला लागली.

खर्चाचं म्हणाल तर स्कॉलरशिपच्या बाहेरच बरंच काही असतं. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी ३५० डॉलर, व्हिसाची १८५ डॉलर, हे सुरुवातीलाच. मग विमानाचं तिकीट, हेल्थ इन्शुरन्स (काही ठिकाणी स्कॉलरशिपमध्ये धरतात, बऱ्याच ठिकाणी नाही), ख्रिसमसला आणि उन्हाळ्यात हॉस्टेल बंद होतं तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न. आणि एक गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती, ट्यूशन (म्हणजे कॉलेजची फी) आणि पुस्तकांवरच्या स्कॉलरशिपला टॅक्स नाही, पण राहण्या-जेवणाच्या रकमेवर तिकडे टॅक्स लागतो, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरच्या मुलांचा १४ टक्क्यांनी आधीच कापून घेतात. म्हणजे फुल राइड म्हटलं तरी सेमिस्टरच्या बिलात टॅक्सची रक्कम उभी राहते आणि ती आपण भरायची. भारत-अमेरिका करारात आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शनची सोय आहे, त्यामुळे रिटर्न भरल्यावर बऱ्यापैकी परत येतात, फक्त रिटर्न न चुकता भरायला पाहिजे. आमचा मुलगा आता टीममधल्या बाकीच्या भारतीय पोरांचे पण भरून देतो.

नोकरी करून भागवेल असं मनात असेल तर एफ-१ वर कॅम्पसवरच काम करता येतं, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत, आणि टेनिस खेळणाऱ्या पोराला तेवढे तास मिळतच नाहीत. अमेरिकन पोरं आता जाहिराती, सोशल मीडिया यातून पैसे घेतात, आपल्या मुलांना एफ-१ मुळे त्यात हात घालायला नको, व्हिसावर येतं.

व्हिसाच्या इंटरव्ह्यूला मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटला जाताना आय-२० (कॉलेजकडून येणारा व्हिसासाठीचा प्रवेशाचा फॉर्म), कॉलेजचं स्कॉलरशिपचं पत्र आणि उरलेल्या खर्चाचे बँकेचे कागद, एवढं नीट पाहिजे. २०२५ पासून सोशल मीडियाची अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतात, ते तिला आधीच सांगा. माझ्या मुलाला विचारलं टेनिससाठी चाललास की शिकायला, तो म्हणाला कॉम्प्युटर सायन्स शिकायला, टेनिस त्याची फी भरतंय. लगेच ओके केलं.


कोर्ट_नंबर_तीन

मी पुण्यात कोचिंग करतो, माझ्याकडची बरीच मुलं-मुली गेलीत. ताई, बाकी सगळं नंतर, आधी उद्या सकाळी ज्युनिअर कॉलेजला जा आणि एसपी सोडून मॅथ्स मिळतंय का बघा.

सांगतो का. एनसीएए डिव्हिजन १ ला नववी ते बारावीमधले १६ कोर कोर्सेस (मुख्य विषय) बघतात, त्यात चार वर्षं इंग्लिश आणि तीन वर्षं गणित पाहिजे. आपल्या मुलांचं नववी-दहावीचं गणित धरलं तर दोनच वर्षं होतात, तिसरं अकरावीत यायला हवं. आर्ट्स घेतलेल्या किंवा कॉमर्सला मॅथ्स सोडलेल्या मुलांचं इथेच अडतं, आणि हे लक्षात येतं बारावीचा रिझल्ट लागल्यावर, तेव्हा काहीच करता येत नाही, कारण १६ पैकी १० कोर्स शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी झालेले लागतात. टेनिसच्या मुलांना सगळेच सांगतात सोपे विषय घे, प्रॅक्टिसला वेळ मिळेल. अहो, पण ते सोपं पुढे फार महाग पडतं. एनआयओएस (ओपन स्कूल) करणाऱ्या मुलांनीही कोचला पहिल्याच मेलमध्ये तसं सांगून टाकावं आणि एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडून लेखी विचारून घ्यावं. नववी आणि अकरावीच्या शाळेच्या मार्कशीटही लागतात, बोर्डाच्या नव्हे म्हणून लोक फेकून देतात, त्या शिक्का मारून जपून ठेवा. एसएटीची (अमेरिकन प्रवेश परीक्षा) अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण कॉलेजची अभ्यासाची स्कॉलरशिप हवी असेल तर तिथे अजून उपयोग होतो, द्यायला हवी असं माझं मत.

एक वर्ष थांबायचा विचार काढून टाका. टेनिसला डिव्हिजन १ मध्ये बारावी संपल्यापासून सहा महिन्यांची सवलत आहे. त्यानंतर टुर्नामेंट खेळत राहिली आणि ॲडमिशन नाही घेतली तर चारातलं एक वर्ष कापलं जातं आणि शिवाय पहिलं वर्ष मॅच न खेळता बसावं लागतं. हे एलिजिबिलिटीचे नियम सध्या बदलतायत, तेव्हा जी कॉलेजं खरंच बोलतील त्यांच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाडूंचे नियम बघणारं ऑफिस) त्या वेळी विचारा, पण प्लॅन करताना गॅप धरूच नका. बारावी झाली की ऑगस्टला जा, नाहीतर फार तर जानेवारीला.

प्राइझमनीचंही बघा. इथल्या ओपन टुर्नामेंटमध्ये पाच-दहा हजार मिळतात, घेतले म्हणून बिघडत नाही, पण प्रत्येकाची पावती आणि त्या स्पर्धेला झालेल्या खर्चाचा हिशोब एका वहीत ठेवा, पुढे फॉर्ममध्ये विचारतात.

कोचला थेट फोन-मेसेज करता येतो तो दहावीनंतरच्या १५ जूनपासून, म्हणजे तिच्या बाबतीत ती तारीख उलटून गेलीय, उत्तर द्यायला कोच मोकळे आहेत. मेल तिनेच लिहायचं, तुम्ही नाही आणि मी पण नाही. चार-पाच ओळी, यूटीआरची लिंक, बारावी कधी, मार्क किती, कुठला विषय शिकायचाय, आणि त्यांच्या टीमबद्दल खरोखर वाचलेलं एखादं वाक्य. व्हिडिओत गाणी, स्लो मोशन, ट्रॉफ्यांचे फोटो असलं काही नको. कॅमेरा बेसलाइनच्या मागे उंचावर, एक अख्खा सेट न कापता, त्यात हरलेले पॉइंटही राहू देत. कोच दोन पॉइंटच्या मधे मुलगी कशी चालते ते बघतात. डबल फॉल्टनंतर ती कोणाकडे बघते, रॅकेट आपटते का, पुढच्या पॉइंटला किती वेळ घेते, हे त्या कापलेल्या व्हिडिओत दिसतच नाही.


सर्किट_खेळा

सगळे तिकडे पाठवायच्या मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मुलीला प्रो व्हायचं असेल तर १८ ते २२ हीच वर्षं असतात, ती कॉलेजच्या टीमसाठी घालवायची आणि मग २२ व्या वर्षी शून्य रँकिंगवरून सुरुवात करायची? मुलींच्या टेनिसमध्ये तर टॉपच्या मुली सतराव्या वर्षीच टूरवर असतात. तिकडे गेलेली आपली बहुतेक मुलं नोकरीला लागतात, टेनिस सुटतं. भारताला त्यातून काय मिळालं?


कोर्ट_नंबर_तीन

@सर्किट_खेळा, तुमची काळजी कळते, पण सतराव्या वर्षी टूरवर असणाऱ्या मुलीचा प्रश्न इथे कोणी विचारलेलाच नाही. तशी मुलगी असेल तर मीच सांगेन जाऊ नको. जे३० ला पहिली राउंड काढणाऱ्या मुलीला सर्किटवर पाठवायचं म्हणजे दर आठवड्याला प्रवास, हॉटेल, कोचचा खर्च घरातून, आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक घरांची ताकद संपते. कॉलेजमध्ये तेच कोर्ट, कोच, फिजिओ, जिम, आणि वर डिग्री.

आणि भारताला काय मिळालं म्हणता तर महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठाचा, १९९५ ला तिथून एनसीएए डबल्स जिंकलेला. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाचा, २००७ ला फायनलमध्ये जॉन इस्नरला हरवून सिंगल्स जिंकला, २००८ ला परत जिंकला, आणि २०१० च्या एशियन गेम्सला सिंगल्सचं गोल्ड. आपला पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. ऋतुजाने टेक्सास ए अँड एमहून येऊन हांगझोउच्या एशियन गेम्सला बोपण्णाबरोबर मिक्स्डचं गोल्ड आणलं. त्याच टेक्सास ए अँड एममध्ये खेळलेले दोघं कझिन भाऊ, मोनॅकोचा वाशरो आणि फ्रान्सचा रिंडरक्नेश, ऑक्टोबर २०२५ ला शांघाय मास्टर्सच्या फायनलला एकमेकांसमोर होते आणि वाशरो २०४ रँकिंगवरून जिंकला, त्याचं वय तेव्हा २६. मुलींमध्ये डॅनिएल कॉलिन्स घ्या, २०१४ आणि २०१६ ची एनसीएए चॅम्पियन, डिग्री पूर्ण करून टूरवर आली आणि २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल खेळली. हे सगळं प्रत्येकीला जमेल असं मी म्हणत नाही. पण २२ व्या वर्षी टेनिस संपतं हे आता खरं राहिलेलं नाही. आणि नोकरीला लागलेली मुलं वाया गेली असं मी तरी कधी मानणार नाही, माझ्याकडची एक मुलगी आज तिथे फिजिओ आहे आणि सुट्टीत आली की इथल्या पोरांचे खांदे बघते.


कोल्हापूरची_आई

बापरे, एवढं सगळं कोणी समोर बसूनही सांगितलं नसतं, सगळ्यांचे मनापासून आभार. काल कॉलेजला जाऊन आले, एसपी बदलून मॅथ्स मिळतंय, महिन्याभराचा बुडालेला भाग तिचा तिने भरून काढायचा एवढीच अट. ती आधी कुरकुरली, मग कोर्ट_नंबर_तीन सरांचा तो परिच्छेद तिला वाचायला दिला आणि गप्प बसून अर्ज भरला. एजन्सीला नाही म्हणून कळवलं. काल रात्री ती आणि तिचे बाबा लॅपटॉप घेऊन बसले होते, पाच-सहा नंबरच्या मुली शोधत, डिव्हिजन २ आणि एनएआयएची काही कॉलेजं निघाली जिथे यूटीआर तिच्या आसपास आहेत, आणि सासरेसुद्धा चष्मा लावून मधेमधे डोकावत होते.

एकच भीती आहे, ती विचारते. समजा तिकडे गेली आणि गुडघा किंवा खांदा गेला तर? स्कॉलरशिप काढून घेतात का? एवढ्या लांब पोरगी, पैसे बंद, मग काय करायचं?


नो_ॲड_पॉइंट

काकू, हा प्रश्न माझ्या आईने पण विचारला होता, आणि मला तिसऱ्या वर्षी मनगटाची दुखापत झालीच, सीझन बसूनच गेला, म्हणून नीट सांगते. एनसीएएचा नियम असा की स्कॉलरशिप ज्या काळासाठी लिहून दिलीय त्या काळात दुखापत झाली किंवा खेळ खराब झाला म्हणून ती कमी किंवा बंद करता येत नाही. माझी त्या वर्षी एक डॉलरनेही कमी झाली नाही, ऑपरेशनही टीमच्या डॉक्टरांनी केलं.

पण मेख आहे ती काळाची. बऱ्याच ऑफर एकेका वर्षाच्या असतात आणि दर वर्षी नव्या करतात, नवीन करताना कोच नाही म्हणू शकतो. म्हणून कोचशी बोलताना तिने सरळ विचारावं की हे किती वर्षांसाठी लिहून मिळेल आणि टीममधल्या कोणाला दुखापत झाली तेव्हा तिच्या स्कॉलरशिपचं काय झालं. चांगला कोच नाव न घेता सांगतो. टाळाटाळ केली तर कितीही मोठं कॉलेज असू दे, पुढे जायचं नाही. आणि त्या टीममधल्या एखाद्या मुलीशी कोच लाइनवर नसताना बोलून घ्यायचं, इन्स्टाग्रामवर मेसेज टाकला तर बहुतेक जणी उत्तर देतात, मी तर अर्धा-अर्धा तास बोलायचे नवीन मुलींशी.

दुसरं म्हणजे, काही कॉलेजं पैसे वाचवायला टेनिसची टीमच बंद करतात, कोविडमध्ये झालं, आताही चालू आहे. त्यामुळे कॉलेज निवडताना तिला म्हणावं, उद्या टेनिस नसलं तरी तू या गावात, या विषयात चार वर्षं काढशील का? माझं उत्तर हो होतं म्हणून मनगट प्लास्टरमध्ये असताना मी परत यायचं तिकीट बघितलं नाही.


कोर्ट_नंबर_तीन

अगदी बरोबर बोलली ही. ताई, पायांचं काम मात्र आत्तापासून घ्या, तिसऱ्या सेटला थकते म्हणताय तिथे दुखापती होतात. आठवड्यातून दोनदा तरी जिम, आणि पावसाळ्यात कोर्ट बंद असतं तेव्हा तर रोज. व्हिडिओ शूट झाला की इथे लिंक टाकू नका, मुलगी लहान आहे आणि हे सगळ्यांना दिसतं. मला मेसेजमध्ये पाठवा, सेट कुठला घ्यायचा ते बघून सांगतो. शूटिंग सकाळी करा, संध्याकाळच्या उन्हात बेसलाइनवर सावली येते आणि पाय दिसत नाहीत.